अध्यक्षाचे आसन आणि आयुक्ताची मुखत्यारी

सार्वजनिक मंडळाचे अध्यक्षपद आणि त्याची कार्यकारी सत्ता एकाच इसमाच्या हाती असावी की भिन्न व्यक्तींच्या, हा प्रश्न आज नियामक मंडळांच्या संदर्भात चर्चिला जात असला, तरी मुंबई शहराने त्याचा निकाल एकोणिसाव्या शतकातच, आणि तोही पदरचे पैसे मोजून, लावून घेतला होता.

1865 च्या कायद्याने पूर्वीचे तीन कमिशनरांचे मंडळ मोडून शहराचा कारभार एकाच कमिशनरच्या मुखत्यारीत दिला. त्याच्यावर देखरेख करावयाची ती जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त गृहस्थांच्या सभेने. परंतु ती देखरेख फारशी परिणामकारक ठरली नाही. आर्थर क्रॉफर्ड हा कमिशनर मोठ्या धडाडीचा. रस्ते, गटारे, आरोग्यव्यवस्था आणि पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई ही त्याच्या कर्तृत्वाची साक्ष होय. मात्र खर्चाला धरबंध न राहिल्यामुळे कर्जाचा बोजा वाढला, करदाते संतापले, आणि 1871 मध्ये कमिशनरची सत्ताच काढून समितीकडे सोपवावी, अशी मागणी जोर धरू लागली.

अशा वेळी अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून लोकमताच्या लोंढ्याविरुद्ध जे सांगितले, ते मला त्यांच्या पुढील सर्व कीर्तीहून मोलाचे वाटते. दोष एकहाती अंमलबजावणीत नसून तिला जाब विचारणारी लोकनियुक्त सभा नाही यात आहे. अंमल समितीकडे गेला, तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडलेले. मताधिकार फारच संकुचित होता, हे विसरता कामा नये. पुढे 1888 च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कसून भाग घेतला, ही विभागणी पक्की केली: धोरण आणि तिजोरीची मंजुरी सभेकडे, दैनंदिन अंमल सरकारने नेमलेल्या कमिशनरकडे, आणि या दोहोंच्या मधे हिशेबावर नजर ठेवणारी स्थायी समिती. सभेचे आसन तिनेच निवडलेल्या अध्यक्षाचे, ज्याला 1931 पासून महापौर म्हणतात. कमिशनरने सभेत यावे, चर्चेत भाग घ्यावा, पण ठराव मांडू नये आणि मतही देऊ नये, ही त्या कायद्यातील तरतूद मला विशेष मर्मग्राही वाटते. कारण कार्यवाहाच्या माहितीचा लाभ सभेला मिळूनही निर्णयाचा अधिकार तिच्याचकडे राहतो.

ही विभागणी पुढे मात्र मोडली: मार्च 2022 मध्ये सभेची मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कमिशनर, म्हणजे आयुक्तच, प्रशासक झाला. अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणारा असे दोन्ही अधिकार त्या काळात एकाच व्यक्तीकडे आले. मेहतांच्या शहरात हे इतकी वर्षे चालू द्यावयास नको होते.