पिस्तुलाचा क्रमांक आणि इतिहासाचा पुरावा

21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे शिकले औरंगाबादेस, म्हणजे आपल्याच मराठवाड्यात; पिस्तूल ब्राउनिंग जातीचे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरतळातून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, असे नाशिक खटल्यात मानले गेले.

युरोपात ही पिस्तुले बेल्जियममधील लीएजजवळ हेर्स्ताल येथे घडत. कारखाना प्रत्येक नमुन्यास क्रमाने आकडे घाली. मोठा आकडा म्हणजे सामान्यतः मागाहूनची घडण. परंतु लष्करी वा पोलिसी मागणीच्या मालास कधी स्वतंत्र क्रमांक मिळत. म्हणून आकड्यासोबत शिक्केही पाहावे लागतात. लीएजच्या शस्त्रपरीक्षागृहाने 1922 पासून वर्षदर्शक अक्षर उमटविण्यास आरंभ केला. 1940 ते 1944 या जर्मन अमलात गरुडाचे चिन्ह आले.

नांदेड-लातूरकडे आणखी एक गुंता आहे. निजामी अमलातील कागद फसली सनाचे. 1357 फसली म्हणजे 1947-48. परवान्याचे साल शस्त्र बाळगण्याचे, क्रमांकाचे साल ते घडल्याचे. मुक्तिसंग्रामातील म्हणून दाखविलेले पिस्तूल 1948 नंतरचे निघाले, तर तो दावा टिकत नाही. आधीचे निघाले, तर तो सिद्ध झाला असे नव्हे; केवळ शक्य ठरला. ते कोणाच्या हाती होते, हे कागद आणि साक्षच सांगतील.

घरोघरच्या आठवणी त्याज्य आहेत, असे आमचे म्हणणे नाही. त्या पारखून घ्याव्यात, इतकेच. हुतात्म्यांचे मोठेपण खोट्या पुराव्याने वाढत नाही. उलट खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो.