लॅपटॉपची एक कळ निकामी झाली तर...

लॅपटॉपच्या कळफलकावर साधारणपणे ८० ते १०० कळा असतात. त्यांतील एखादीच निखळते, रुतून बसते किंवा कितीही दाबली तरी दाद देत नाही. पण तेवढ्याने सारे काम अडते. बंद पडलेले अक्षर पासवर्डमध्ये असेल, तर आपल्याच संगणकात आपल्याला प्रवेश मिळत नाही. दाबलेल्या स्थितीत अडकलेली कळ एकच अक्षर उमटवत राहते आणि चुकीचा पासवर्ड वारंवार दिला गेल्याने नेटबँकिंगचे खाते तात्पुरते बंद होण्याची वेळही येऊ शकते. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. इन्स्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी 'डी'च्या जागी अक्षराचा पाय मोडणारे हलन्त चिन्ह असते. ही एक कळ गेली, की स्वतंत्र कळ लाभलेली मोजकी जोडाक्षरे सोडल्यास बाकीची लिहिणे अशक्य होते.

अशा वेळी अनेक जण घाईने संपूर्ण कळफलक बदलून घेतात. काही जण तर नव्या लॅपटॉपचाच विचार करू लागतात. वास्तविक, बिघाड कळीच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे ओळखता आले, तर पुष्कळदा दुरुस्ती अल्प खर्चात होते. त्यासाठी कळीची अंतर्रचना ठाऊक असणे आवश्यक आहे.

कळीच्या आत काय असते?

बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रत्येक कळ चार भागांनी बनलेली असते. सर्वांत वर अक्षर छापलेली प्लॅस्टिकची टोपी. तिच्याखाली कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांना छेदणाऱ्या दोन नाजूक प्लॅस्टिक चौकटी असतात. टोपी तिरपी न होता सरळ खाली जावी, हे त्यांचे काम. मध्यभागी रबराची छोटी उलटी वाटी असते. ती दाबलेली कळ पुन्हा वर उचलते. सर्वांत खाली असते मेम्ब्रेन, म्हणजे विद्युतवाहक रेषा छापलेले पातळ प्लॅस्टिकचे थर. कळ जेमतेम एक ते दोन मिलिमीटर खाली जाते, तेव्हा या थरांवरील दोन बिंदू एकमेकांना टेकतात आणि संगणकाला अक्षराची सूचना मिळते.

या रेषा आडव्या-उभ्या जाळीत गुंफलेल्या असतात. त्यामुळे एकच कळ बिघडली असेल, तर दोष बहुधा तिच्यापुरताच असतो. एकाच वेळी पाच-सात कळा बंद पडल्या असतील, तर मात्र जाळीतील एखादी रेषा तुटली आहे किंवा कळफलक मुख्य पटलाला जोडणारी पट्टी सैल झाली आहे, असे समजावे. मग एकेक कळ उचकटून पाहण्यात अर्थ नाही.

आधी निदान

यंत्र उघडण्यापूर्वी बिघाड खरा आहे की भासमान, हे तपासावे. लहान लॅपटॉपमध्ये 'नम लॉक' चुकून सुरू झाल्यास काही अक्षरांऐवजी आकडे उमटू लागतात. विंडोजमध्ये उजवीकडील 'शिफ्ट' आठ सेकंद दाबून ठेवल्यास 'फिल्टर कीज' ही सुविधा सुरू करण्याची विचारणा होते. नकळत होकार दिला गेला, तर क्षणभरच दाबलेल्या कळा संगणक दुर्लक्षित करू लागतो आणि कळफलकच बिघडल्याचा समज होतो. भाषेची मांडणी बदलली गेल्यानेही असाच घोटाळा होतो.

यूएसबीचा साधा कळफलक जोडून तेच अक्षर टंकित करून पाहावे. तेथेही ते उमटत नसेल, तर दोष कळीचा नसून संगणकातील रचनेचा आहे. बाहेरील कळफलकावर उमटत असेल, तर लक्षणांकडे पाहावे. टोपी निघाली आहे, पण उघड्या रबरी वाटीवर बोटाने हलका दाब देताच अक्षर उमटते, याचा अर्थ खालचे थर शाबूत आहेत; केवळ टोपी किंवा चौकट हवी. जोराने दाबल्यावरच अक्षर उमटत असेल, तर आत कचरा अडकला आहे किंवा रबर झिजले आहे. काहीच सांडलेले नसताना कळ रुतत असेल, तर बहुधा तो दोष धुळीचा आणि खाद्यपदार्थांच्या कणांचा असतो.

काम थांबू नये म्हणून

दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. विंडोजमध्ये 'विंडोज', 'कंट्रोल' आणि 'ओ' या कळा एकत्र दाबल्यास पडद्यावरील कळफलक उघडतो. पासवर्डच्या पडद्यावरही कोपऱ्यातील सुगम्यतेच्या चिन्हातून तो मिळतो. मॅकमध्ये ही सोय 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'च्या विभागात आहे. हवे ते अक्षर माउसने निवडता येत असल्याने निदान दार तरी उघडते.

चार-आठ दिवस निभवायचे असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज' या मोफत संचातील 'कीबोर्ड मॅनेजर'च्या साह्याने बंद कळीचे काम क्वचित लागणाऱ्या दुसऱ्या कळीकडे सोपवता येते. हा बदल लॉग-इन झाल्यानंतरच लागू होतो, पासवर्डच्या पडद्यावर होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. एखादेच अक्षर क्वचित लागत असेल, तर 'विंडोज' आणि 'व्ही' दाबून उघडणाऱ्या क्लिपबोर्डच्या यादीत ते पिन करून ठेवणे हाही सोपा मार्ग आहे.

टोपी बसवताना

संगणक पूर्ण बंद करून चार्जर काढावा. प्रथम दाबाखालील हवेच्या डब्याने कळीभोवतीची धूळ उडवावी. अ‍ॅपलने आपल्या लॅपटॉपसाठी यंत्र सुमारे ७५ अंशांत तिरपे धरून डावीकडून उजवीकडे फवारा मारण्याची पद्धत सुचवली आहे. तेवढ्याने भागले नाही, तर टोपी काढावी लागते. प्लॅस्टिकची पातळ पट्टी एका कोपऱ्याखाली सरकवून टोपी अलगद उचलावी. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. चौकटीचे आकडे केसाएवढे नाजूक असतात आणि ते तुटले, की साधी सफाई नव्या खर्चात बदलते. 'स्पेस', 'एंटर' आणि 'शिफ्ट' या लांब कळांखाली बहुधा धातूची आधारतार असते. त्या घरी न काढणेच श्रेयस्कर.

चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा आणि जागा पूर्ण सुकू द्यावी. आधी चौकट तळाच्या आकड्यांत बसवावी, मग टोपी वर ठेवून चारही बाजूंनी हलके दाबावे. 'टक्' असा आवाज आला, की ती बसली. गोंद मात्र कधीही लावू नये. तो चौकटीची हालचाल बंद करतो आणि ओघळून मेम्ब्रेनपर्यंत पोहोचतो. चौकट तुटलीच असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर त्याच आकाराच्या, कधीच न लागणाऱ्या कळीची चौकट तात्पुरती उसनी घेता येते.

चहा सांडला तर

येथे क्षणाचा विलंबही महाग पडतो. पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास तीही काढावी आणि यंत्र उलटे, तंबूच्या आकारात उभे ठेवावे. हेअर ड्रायरच्या उष्णतेने प्लॅस्टिक वाकते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही निरुपयोगी. तांदळाची पूड मात्र आत शिरते. दूध-साखरेचा चहा सुकला तरी चिकट थर मागे ठेवतो आणि गंज आठवड्यांनंतरही पसरत राहतो. म्हणून यंत्र वरवर ठीक चालत असले, तरी ते उघडून साफ करून घेणे हिताचे.

कळफलकच बदलायचा असेल तर

जुन्या अनेक लॅपटॉपमध्ये चार-सहा स्क्रू काढले, की कळफलक सुटा होत असे. आजच्या सडपातळ यंत्रांत तो पुष्कळदा वरच्या आवरणालाच रिव्हेटने जखडलेला असतो आणि एका कळीपायी सारे आवरण बदलावे लागते. अ‍ॅपलने २०१५ मध्ये आणलेला 'बटरफ्लाय' कळफलक हे याचे ठळक उदाहरण. अतिशय उथळ असलेल्या या कळा बारीक धुळीनेही अडू लागल्या. जून २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, २०१९ च्या अखेरीस ती पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळू लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात तिने पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली येथे सुटे भाग मिळतात. तेथे जाताना केवळ कंपनीचे नाव पुरत नाही. लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांक, जुन्या कळफलकाच्या मागील भागाचा क्रमांक, अंधारात उजळणाऱ्या कळा आहेत की नाहीत आणि 'एंटर'चा आकार कसा आहे, हे टिपून न्यावे. एकाच मॉडेलमध्ये दोन पुरवठादारांचे कळफलक असू शकतात आणि एकाची टोपी दुसऱ्यावर बसत नाही. लेनोव्हो, डेल, एचपी यांच्या दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. कळफलक किती खोलवर जोडलेला आहे, हे त्यांतून आधीच कळते आणि सांगितलेली मजुरी रास्त आहे का, याचा अंदाज येतो.

वॉरंटीची मुदत असेल, तर स्वतः काही उघडण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात विचारावे. द्रव सांडल्याने झालेली हानी सहसा तिच्यात येत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले. सेवेबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दुरुस्तीला देताना खासगी फायलींची प्रत घेऊन त्या यंत्रावरून काढाव्यात आणि पासवर्ड सांगू नये. कळफलक बदलून झाला, की आपल्यासमोर प्रत्येक कळ दाबून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत.