तज्ज्ञ सदस्याचे कूळ

आरोग्य खात्याचा समिती गठित करणारा एखादा जीआर उघडा. प्रस्तावनेचा लांबलचक परिच्छेद संपला की तक्ता लागतो. पहिल्या ओळीत सचिव किंवा आयुक्त, पुढे 'अध्यक्ष'. मग संचालक वगैरे पदसिद्ध मंडळी. शेवटच्या ओळीत कुणी सहसंचालक किंवा उपसंचालक 'सदस्य सचिव', म्हणजे इतिवृत्त लिहायचे काम त्याचे. आणि मधल्या दोन-चार ओळींत 'तज्ज्ञ सदस्य'. पदसिद्ध सदस्याचे सोपे असते. बदली झाली की खुर्चीसोबत सदस्यत्वही पुढच्याकडे जाते. तज्ज्ञ मात्र कुणाला तरी शोधून आणावा लागतो. तो कुणी शोधायचा, काय पाहून, आणि सल्ला देताना त्याचा स्वतःचा काही स्वार्थ आहे का हे कुणी विचारायचे? आपल्याकडे या प्रश्नांची मुळे मुंबईच्या मांडवी भागात निघतात, असे मला वाटते.

त्याआधीचा एक पूर्वज विलायतेतला. 1857 साली ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर रॉयल कमिशन बसले. त्यावर कोण हवे आणि कोण नको, यावरून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर यांच्याशी एकेका नावाची घासाघीस केली. सैन्याच्या इस्पितळांबद्दल त्यांच्याइतके जाणणारे माणूस शोधून सापडले नसते, पण बाईमाणसाला कमिशनवर जागा नव्हती. त्यांची साक्षसुद्धा लेखीच घेतली गेली. सदस्य निवडण्याइतके वजन होते, सदस्य होण्याचा हक्क नव्हता.

आता मांडवी. सप्टेंबर 1896 मध्ये तिथल्या रोग्यांना गाठीचा प्लेग झाला आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. हे मूळचे गोव्याचे, मुंबईत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेतही बसणारे. सरकारने ऑक्टोबरात एक तपास समिती नेमली. तीत ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. मॅन्सर होते, कलकत्त्याहून बोलावलेले वाल्डेमार हाफकिन होते आणि डॉ. सर्व्हेअर हे पारशी जंतुशास्त्रज्ञही होते. ही खरी कामाची माणसे. मॅन्सर पुढे प्लेगनेच गेले. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण अधिकार या मंडळींच्या हाती दिले गेले नाहीत. साथ आटोक्यात येईना, तेव्हा मार्च 1897 मध्ये सरकारने दुसरी समिती नेमली आणि महापालिकेला बाजूला सारले. या प्लेग कमिटीचे अध्यक्ष होते ब्रिगेडियर जनरल गॅटेकर. सोबत म्युनिसिपल कमिशनर स्नो, इंजिनिअर जेम्स आणि लष्करी पेशाचे डॉक्टर डिमॉक. चौघांत हिंदी माणूस एकही नाही. ज्यांनी रोग ओळखला ते व्हिएगसही नाहीत.

पुण्यात अध्यक्षपद वॉल्टर रँड या आयसीएस अधिकाऱ्याकडे गेले. तिथल्या कमिटीत बेव्हरिज नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. त्यांची निवड मात्र अगदी विचारपूर्वक झालेली: हाँगकाँगच्या 1894 च्या साथीत त्यांनी काम केले होते. त्या अनुभवातून पुण्यात आली ती घरझडतीची पद्धत. गोऱ्या शिपायांनी माजघरात, देवघरात शिरायचे, रोगी वेगळे काढायचे, सामान बाहेर फेकायचे. बेव्हरिज तज्ज्ञ होते यात शंका नाही. पण त्यांचे ज्ञान हाँगकाँगच्या गल्ल्यांचे होते, आणि 'सोवळ्यात शिरू नका' असे सांगणारा पुणेकर टेबलाभोवती कुणी नव्हता. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

सरकार हादरले, आणि 1898 मध्ये हुद्द्याऐवजी नाव पाहून माणसे आणली. इंडियन प्लेग कमिशनचे अध्यक्ष एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर. औषधी आणि विषे हा त्यांचा प्रांत. नेटलीच्या लष्करी वैद्यक शाळेतले आल्मरॉथ राइट, इजिप्तच्या आरोग्य खात्यात नावाजलेले रफर, आणि ह्युएट व क्युमाइन हे दोन आयसीएस. पाचांतले तीन शास्त्रज्ञ, तेही बाहेरगावचे. वरवर पाहता फेरनिवड उत्तम.

पण यांच्यापुढे मोठा विषय कोणता होता? हाफकिन यांच्या लशीचे मूल्यमापन. आणि राइट यांनी स्वतः टायफॉइडची लस तयार केली होती. एवढेच नव्हे, कमिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात असताना ते इथल्या गोऱ्या सोल्जरांना ती टोचतही होते. गंमत अशी की टोचणीची रीत हाफकिन यांनीच काही वर्षांपूर्वी नेटलीला जाऊन दाखवली होती. म्हणजे एका लसकाराच्या कामाचा न्याय दुसरा लसकार करणार. राइट यांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात हे कमिशनने मान्य केले. लशीची मात्रा नीट प्रमाणित केलेली नाही, ही त्यांची तक्रारही खोटी नव्हती. पण आपला या विषयाशी संबंध आहे हे त्यांनी आधी लिहून द्यावे, असे तेव्हा कुणाला सुचले नाही. आज समितीवर येणाऱ्याकडून भरून घेतात तो हितसंबंधांचा नमुना त्या काळी कुठल्याच दप्तरात नव्हता.

या कमिशनची खरी चूक वेगळीच. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने 1898 मध्येच उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवणारा प्रयोग कराचीत केला होता. कमिशनने तो झटकून टाकला. मोठी नावे, पाच खंडांचा अहवाल, आणि मूळ कारणच हातातून निसटलेले.

1905 साली तिसरा डाव मांडला गेला आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट या तिघांनी मिळून एक समिती नेमली. तिचे नावच 'सल्लागार समिती'. ती लंडनमध्ये बसली, आणि प्रत्यक्ष तपास करणारी तुकडी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत. सल्ला एकीकडे, हात दुसरीकडे. तुकडीत ग्लेन लिस्टन होते. मुंबईच्या प्राणिबागेतले गिनीपिग प्लेगने मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या, हे त्यांनी टिपले होते. म्हणजे या वेळी निवड झाली ती आधीच चिखलात उतरलेल्या माणसाची.

मग परळला खास गोडाऊन बांधली गेली. प्लेगच्या रिकाम्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा गोळा केल्या. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी दगावे, दोन फुटांवरचा वाचे, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. बारीक जाळीआडचेही वाचत. वाद मिटला. हीच प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

डॉक्टर नसलेल्या माणसाने आरोग्य समितीवर बसावे का, हा प्रश्न 1943 च्या भोर समितीने आपल्यापुरता सोडवला. सर जोसेफ भोर स्वतः सनदी अधिकारी, आणि सदस्यांत मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी. चाळीतला माणूस आजारी पडला की काय होते, हे सोशल सर्व्हिस लीग चालवलेल्या जोशींना ठाऊक होते. तेही ज्ञानच, पण त्याला पदवी नाही. 1946 च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची जी कल्पना मांडली गेली, तिच्या मागे अशी मिसळ होती.

नंतरचा प्रवास कागदांचा. ब्रिटनमध्ये लसीकरणाची संयुक्त समिती 1963 पासून आहे. तिच्यावरची जागा रिकामी झाली की जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात, आणि सामान्य नागरिकासाठीही जागा असते. अमेरिकेची लसीकरणविषयक सल्लागार समिती, एसीआयपी, 1964 ची. तिथे 1972 च्या कायद्याने सल्लागार समित्यांत मतांचा समतोल हवा आणि बैठका खुल्या हव्यात असे ठरवले. आपली लसीकरणविषयक राष्ट्रीय सल्लागार समिती 2001 ची आणि तिचे अध्यक्ष आरोग्य सचिव. तज्ज्ञांपेक्षा वरची खुर्ची अजून खात्याकडेच. कोविडमध्ये महाराष्ट्राने मात्र वेगळे केले. एप्रिल 2020 च्या टास्क फोर्सचे प्रमुख होते डॉ. संजय ओक, आणि सोबत रोज रुग्ण पाहणारे डॉक्टर. त्या दिवसांत जाहिरात देऊन मुलाखती घ्यायला वेळ नव्हता हेही खरे.

अमेरिकेत तर अर्ज, छाननी, आर्थिक हितसंबंधांचे विवरण असे सगळे सोपस्कार पार पाडल्यावरच एसीआयपीवर जागा मिळत असे. जून 2025 मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी तिच्या सर्व 17 सदस्यांना एकाच दिवशी काढून टाकले. कारण दिले हितसंबंधांचे. दोन दिवसांनी आठ नवी नावे जाहीर झाली.