आहाराच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला इतिहास असतो: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट



संशोधनाची तयारी करताना 'आधी साहित्याचा आढावा घ्या' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की आढावा म्हणजे पन्नास पेपर गोळा करून त्यांची सालवार यादी लावणं असंच वाटायला लागतं. आज आढावा घ्यायची एक वेगळी पद्धत बघू. आपण एक साधा कागद हातात घेऊ आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला विचारू, की बाई, तू इथे आलीस कशी?

हा कागद म्हणजे वजन घटवण्याच्या (बेरिअॅट्रिक) शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मिळणारा आहाराचा तक्ता. मुंबई-पुण्यातला घ्या किंवा अमेरिकेतला, त्यातल्या मुख्य सूचना साधारण सारख्याच असतात. आधी पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ आणि त्यानंतर नेहमीचं अन्न. आपल्याकडे याचा अर्थ वरणाचं पाणी, ताक, गुरगुट्या भात आणि शेवटी पोळी-भाकरी. पुढे लिहिलेलं असतं: थोडं थोडं खा, खूप चावून खा. प्रथिनं आधी. जेवताना पाणी नको. गोड टाळा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्या.

वाचताना वाटतं, कुणीतरी शरीरशास्त्राचं पुस्तक उघडून हे नियम काढले असतील. पण यातले बरेच नियम रुग्णांच्या ताटात काय बिघडलं ते पाहून, उशिरा आणि किंमत मोजून कळलेले आहेत. म्हणून हा तक्ता आपल्याला ऐतिहासिक दस्तऐवजासारखा वाचता येतो.

ओळ पहिली: गोळ्या आयुष्यभर

१९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा कुठला भाग पोषणासाठी किती महत्त्वाचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून एक कल्पना पुढे आली: आतड्याचा मोठा भाग वाटेतून बाजूला काढला, तर माणूस खाईल पण अंगी लागणार नाही.

लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड यांनी ही कल्पना रुग्णांवर वापरली. १९६३ मध्ये त्यांनी १० रुग्णांची माहिती दिली. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडलेला. वजन भराभर उतरलं, पण जुलाब थांबेनात आणि शरीरातल्या क्षारांचा तोल गेला. वजन उतरलं की आतडं पुन्हा पूर्ववत जोडायचं, असा बेत होता. जोडलं, आणि वजन परत आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६९ मध्ये त्यांनी सुधारित पद्धत मांडली: जेजुनमचा ३५ सेंटिमीटरचा तुकडा इलियमच्या शेवटच्या १० सेंटिमीटरला जोडायचा. साधारण सहा मीटरच्या आतड्यापैकी अन्नाच्या वाटेवर अर्धा मीटरही उरत नव्हता. पद्धत लोकप्रिय झाली. मग हळूहळू हिशेब समोर यायला लागला: मूतखडे, सांधेदुखी, यकृताचे गंभीर आजार. मूतखड्यांचं कारण तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. एरवी अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. न पचलेली चरबी ते कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेते, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली.

आजच्या शस्त्रक्रिया तितक्या टोकाच्या नाहीत. तरी बायपासमध्ये अन्न जठराचा बहुतेक भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून जातं, त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची कमतरता होऊ शकते. गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी, ही ओळ त्या जुन्या रुग्णांनी भोगलेल्या त्रासातून आलेली आहे.

ओळ दुसरी: थोडं थोडं, खूप चावून

आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन वेगळ्या वाटेने गेले. पोटातल्या अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीक होतात आणि त्यांचं वजन सहसा पुन्हा वाढत नाही, हे शल्यचिकित्सकांना माहीत होतं. तिथे तो दुष्परिणाम होता. मेसन यांनी तोच उद्देश केला. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्यासोबत जठराच्या बायपासची सुरुवात केली.

पुढे मेसन यांनीच आणखी सोपी शस्त्रक्रिया शोधली. आतड्याला हातच लावायचा नाही. जठराच्या वरच्या भागात स्टेपल मारून ५० मिलिलिटरपेक्षा लहान पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी पट्टी बसवायची, म्हणजे तोंड सैल होणार नाही. १९८० च्या दशकात ही पद्धत खूप चालली. तर्क अगदी सरळ होता: पिशवी लहान, तोंड अरुंद, म्हणजे खाणं कमी.

आता त्या अरुंद तोंडातून काय जातं याचा विचार करा. मांसाचा तुकडा किंवा पावाचा घास नीट चावला नाही तर अडकतो आणि उलटी होते. आइस्क्रीम, मिल्कशेक, वितळणारं चॉकलेट मात्र विनातक्रार खाली उतरतं. अनेक रुग्ण नकळत मऊ आणि गोड अन्नाकडे वळले, आणि त्यांचं वजन उतरेना किंवा पुन्हा चढायला लागलं. अशा वेळी 'रुग्ण सूचना पाळत नाही' असा शेरा मारणं सोपं असतं. पण नीट बघितलं तर ताटातला तो बदल शस्त्रक्रियेनेच घडवला होता. पोळी-भाजी खाल्ल्यावर दर वेळी उलटी होणार असेल, तर माणूस काय खाईल?

'प्रथिनं आधी' आणि 'चावून खा' या ओळींमागे हा अनुभव आहे. जागाच लहान असेल तर ती आधी कशाने भरायची, हा प्रश्न येतोच. 'जेवताना पाणी नको' मागेही हेच कारण दिलं जातं: लहान जागेत दोन्ही मावत नाही. इथे एक सूचना कुणाच्याही उपयोगी पडेल अशी. शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या होत असतील तर 'होईल सवय' म्हणून घरी बसायचं नाही. शरीरातला बी-१ चा साठा काही आठवड्यांतच संपतो आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होऊ शकते.

ओळ तिसरी: गोड टाळा

ही ओळ सगळ्यात जुनी. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांच्याही आधीची. १९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी जठर थेट आतड्याला जोडलेल्या रुग्णांना जेवणानंतर होणाऱ्या त्रासाचं वर्णन केलं होतं. पुढे त्याला 'डंपिंग' हे नाव पडलं. साखर वेगाने लहान आतड्यात ओतली जाते, पाणी तिकडे खेचलं जातं, संप्रेरकं उसळतात. परिणामी घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शुगरमन आणि सहकाऱ्यांनी ४० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी): २० जणांना बायपास, २० जणांना पट्टीची पिशवी. त्यांनी आधीच नोंदवलं होतं, की गोड खाणारे कोण आणि न खाणारे कोण. पिशवीच्या गटात गोड खाणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. बायपासमध्ये गोड खाल्लं की डंपिंगचा त्रास, त्यामुळे रुग्ण आपणहून गोडापासून लांब राहिले, असा अर्थ त्यांनी लावला.

इथेच थांबू नका. १९८७ चा निष्कर्ष लोकांनी 'गोडखाऊ माणसाला अमुक शस्त्रक्रिया नकोच' असा सर्रास ताणला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात हडसन, डिक्सन आणि ओब्रायन यांनी, जठराभोवती घट्ट-सैल करता येणारी पट्टी बसवलेल्या रुग्णांमध्ये हे तपासलं. गोड खाण्यावरून यशाचा अंदाज बांधता येत नाही, असं त्यांना दिसलं. शस्त्रक्रिया वेगळी होती, उत्तरही वेगळं आलं. एका शस्त्रक्रियेवरचा निष्कर्ष दुसरीवर चिकटवण्याआधी हे उदाहरण आठवा.

तक्त्यात नसलेली ओळ: भूक

इतकी वर्षं सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच होतं: पोट म्हणजे पिशवी, आतडं म्हणजे नळी. मग १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या पोरीस यांनी ६०८ बायपास रुग्णांचा लेखाजोखा मांडला. टाइप २ मधुमेह असलेल्या १४६ पैकी १२१ जणांची साखर सामान्य पातळीवर राहिली. गंमत अशी, की अनेकांची साखर काही दिवसांतच उतरली होती, वजन उतरायच्या कितीतरी आधी. पिशवी-नळीच्या चित्रात हे बसतच नव्हतं.

१९९९ मध्ये जपानी संशोधकांना घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक सापडलं. २००२ मध्ये सिॲटलच्या कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डाएट करून वजन उतरवलेल्यांचं घ्रेलिन वाढतं, म्हणजे शरीर जास्त भूक लावून वजन परत मागतं. बायपास झालेल्यांमध्ये मात्र ते फारच कमी होतं. या गटात रुग्ण होते फक्त ५, आणि नंतरच्या अभ्यासांत घ्रेलिनचं चित्र इतकं एकसारखं राहिलं नाही. जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं बायपासनंतर जेवल्यावर जास्त वाढतात, हा निष्कर्ष जास्त टिकला.

आता पेन यांचे १० रुग्ण आठवा. आतडं जोडल्यावर त्यांचं वजन परत आलं, ते मन कच्चं होतं म्हणून आलं असं म्हणणं आता अवघड आहे. शस्त्रक्रियेनंतरही शरीराची ही ओढ पुरती संपत नाही. स्वीडनमध्ये १९८७ ला सुरू झालेल्या, ४०४७ जणांच्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली. पट्टीच्या पिशवीत २५ वरून १६. (या अभ्यासात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. त्या काळी शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका पाहता नीतिसमितीने तशी परवानगी दिली नाही. आकडे वाचताना हे ध्यानात ठेवायचं.)

म्हणजे तक्ता पहिल्या तीन महिन्यांपुरता नसतो. लग्नाच्या पंगतीत 'एक जिलबी तरी घ्याच' हा आग्रह मोडणं, पानात टाकू नये हे लहानपणापासूनचं वळण सोडून दोन घास शिल्लक ठेवणं, हे सगळं वर्षानुवर्षं करायचं असतं.

आपण यातून काय घ्यायचं?

तीन गोष्टी. एक, दुष्परिणामांचा तक्ता मुख्य निकालाइतकाच लक्षपूर्वक वाचा. मेसन यांना कल्पना तिथेच सापडली. दोन, 'काम करतं' आणि 'का काम करतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर १९६० च्या दशकातच हाती यायला लागलं होतं, दुसऱ्यावर अजून पेपर निघत आहेत. तीन, 'सहभागी व्यक्तीने सूचना पाळल्या नाहीत' असं तुमच्या वहीत लिहिण्याआधी एकदा विचारा: आपण जे केलं, त्यानंतर तिच्यासमोर दुसरा कुठला पर्याय उरला होता?

तुमच्या विषयातही असा एखादा कागद असेलच. प्रयोगशाळेतली नियमावली, यंत्राशेजारी चिकटवलेली सूचना, काहीही. त्यातली एक ओळ निवडा आणि ती कधी, कुणाच्या अनुभवावरून आली ते शोधा. काय सापडलं ते खाली जरूर लिहा.