ग्लूटेनवर्ज्य पाहुणचार आणि कुवेतमधील मराठी स्वयंपाकघर

सीलिअॅक विकार असलेल्या व्यक्तीला गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य असतात. त्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्रास जाणवला नाही तरीही ती होऊ शकते. असा पाहुणा येणार म्हटल्यावर यजमान पोळीऐवजी ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी योजतात. ते योग्यच, परंतु खरा धोका फोडणीत दडलेला असतो. डबीतील हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि साधे वरणही त्यामुळे निषिद्ध ठरते. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळाला तर उत्तम, नाहीतर हिंगाविना फोडणी करावी. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतोच. गावाहून प्रेमाने आणलेले ज्वारीचे पीठही गिरणीत गव्हामागून दळलेले असू शकते. पोळपाट-लाटणे वेगळे हवे. पुऱ्या तळलेले तेल पापडांसाठी वापरू नये.

कुवेतमधील वेष्टनांवर अरबीत ‘कम्ह’ म्हणजे गहू आणि ‘शईर’ म्हणजे जव, एवढे दोन शब्द ओळखता यावेत. ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थासाठी कोडेक्सची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. बाहेरून स्थानिक पदार्थ मागवायचे तर हरीस आणि जरीश गव्हाचेच. मचबूस भाताचा, तरी मसाल्याची चौकशी करावी.

एकादशीचे ताट मात्र जवळजवळ जसेच्या तसे चालते : साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. त्यांत गहू नसतो आणि हिंगही नसतो.