थाळी : चुलीवरून पंगतीत

‘द्रौपदीची थाळी’ हा शब्दप्रयोग मराठीत सर्वपरिचित आहे. न संपणाऱ्या अन्नसाठ्याला ही उपमा देतात, आणि ऐकणाराच्या डोळ्यांपुढे जेवणाचे पसरट ताट उभे राहते. महाभारताच्या वनपर्वातील कथा मात्र निराळे सांगते. सूर्याने युधिष्ठिराला दिलेले तांब्याचे ते भांडे रांधण्याचे होते. दुर्वास ऋषी शिष्यांसह आले, तेव्हा श्रीकृष्णाला भाजीचा अंश सापडला तो या भांड्याच्या गळ्याशी चिकटलेला. ताटाला गळा कोठून असणार?

कथेतील मूळ शब्द ‘स्थाली’ आहे. स्थाली म्हणजे चुलीवर चढवावयाची हंडी. अमरकोशाने तिला पिठर, उखा यांच्याच पंक्तीस बसविले आहे. गृह्यसूत्रांतील ‘स्थालीपाक’ हा अशा हंडीत शिजविलेला चरू होय. एक शीत चाचपून साऱ्या भाताची परीक्षा करणारा ‘स्थालीपुलाकन्याय’ही हंडीवाचून निरर्थक ठरतो. दारी भिक्षेकरी येतात म्हणून कोणी स्थाली चुलीवर चढवावयाची थांबत नाही, असा रोजच्या व्यवहारातला दाखला पतंजलीने महाभाष्यात दिला आहे.

मग हंडीचे ताट झाले कसे? उच्चारात गूढ नाही. प्राकृतात ‘स्थ’चा ‘थ’ झाला आणि मराठीत ‘ल’चा ‘ळ’. हिंदीने ‘थाली’ हे रूप राखले. अर्थाचा उलगडा ‘स्थाल’ या शेजारच्या शब्दात सापडतो. स्थाल म्हणजे तबक. त्यापासून थाळ, थाळा. सुरा-सुरी, लोटा-लोटी अशा जोड्यांची सवय असलेल्या मराठी कानाला थाळी म्हणजे लहान थाळाच वाटावा, हे स्वाभाविक आहे. हंडीचा अर्थ मागे पडला.

अर्थाचा प्रवास तेथेही थांबला नाही. क्रीडांगणावर थाळीफेक आली. उपाहारगृहांत थाळी म्हणजे ताटासह अवघे जेवणच झाले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘शिवभोजन थाळी’तही हाच अर्थ आहे.

शब्दाचे मूळ विसरले, की कथेचे मर्मही निसटते. सूर्याच्या वरात एक अट होती : द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न पुरेल. ताट डोळ्यांपुढे ठेवले, तर ती केवळ चमत्काराची गोष्ट राहते. हंडी ठेवली, म्हणजे सर्वांना वाढून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या गृहिणीची ती गोष्ट होते.