लंगोटाची बखर

कोल्हापूरच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अंबाबाईच्या देवळाच्या खांबांवर लिहिलं गेलं, पन्हाळ्याच्या वेढ्यावर लिहिलं गेलं, तांबड्या रश्श्यावर तर दर रविवारी कोणी ना कोणी लिहीतच असतं. पण ज्या वस्त्रावाचून या गावातला एकही शूरवीर वयाची दोन वर्षं ओलांडू शकला नाही, त्या लंगोटावर चार ओळी लिहाव्यात असं एकाही इतिहाससंशोधकाला वाटलं नाही. ताम्रपट टिकतात, शिलालेख टिकतात. लंगोट टिकत नाही, हे त्याचं खरं दुर्दैव. पुरावा मागं ठेवण्यात मात्र तो कुणालाही हार जात नसे.

वाचक म्हणतील, कोल्हापुरात लंगोट म्हणजे पैलवानाचा. त्यांचंही चूक नाही. आमचं घर मंगळवार पेठेत. हाकेच्या अंतरावर खासबागेचं मैदान. शाहू महाराजांनी हे कुस्तीचं मैदान असं खोलगट बांधून घेतलं, की मागच्या रांगेतल्या माणसालाही हौद्यातली पकड दिसावी. ते १९१२ साली खुलं झालं. त्यामुळं माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोन तऱ्हेचे लंगोट वाळत घातलेले असत. तालमीच्या कठड्यावर लाल मातीत मुरलेले, आणि घरोघरच्या दोऱ्यांवर पांढरे, पिवळे किंवा या दोन रंगांच्या मधले. पहिल्या प्रकारचा लंगोट कसायला दूध-बदामाचा खुराक लागे. दुसऱ्या प्रकारचा भिजवायला नुसतं दूध पुरे होई.

ही बखर दुसऱ्या प्रकारची. आजीच्या तोंडी त्याला 'बाळुतं' हा शब्द असे.

बाळुत्याचा पहिला नियम असा, की ते नव्या कापडाचं असता कामा नये. बारशाला कोणी हौसेनं नव्या कापडाचे डझनभर लंगोट शिवून आणले, तर आजी तोंडभर कौतुक करी आणि माणूस जिना उतरला की ते फडताळात टाकी. "नवं कापड माजुरडं असतंय, पाणी घेत न्हाई," असं तिचं शास्त्र. पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं, की म्हातारीचं शास्त्र अगदी पक्कं होतं. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणासारखा एक पातळ थर असतो. त्यात मागावर चढण्यापूर्वी सुताला खळ लावतात. नव्या कापडावर पाणी पडलं की ते आधी इकडंतिकडं पळतं. शेकडो धुण्यांत हे मेण आणि ही खळ निघून जाते आणि मग उरतो तो खरा पाणीपिता कापूस. थोडक्यात, लुगडं नेसून नेसून म्हातारं झालं म्हणजे लंगोट व्हायला लायक होतं.

आमच्याकडे लुगड्याचा संसार ठरलेला असे. नऊवारी लुगडं आधी सणाला, मग रोजच्याला. फाटलं की दंड घालून आणखी दोन वर्षं. त्यानंतर त्याची दुपटी आणि लंगोट. लंगोट विरले की वाकळेच्या पोटात किंवा फरशी पुसायला, आणि त्यातही तग धरलेला तुकडा कंदिलाची काच पुसायला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. हातभर लांबीरुंदीचे तुकडे पाडले तर रुंदीत दोन आणि लांबीत अठरा, म्हणजे छत्तीस होतात. बसून बसून विरलेला भाग वजा केला, तरी तीसएक लंगोट हाती लागत. चौकोनाची तिरपी घडी घालायची, दोन टोकं कमरेला, तिसरं खालून वर आणि गाठ. काही घरांत सेफ्टीपिन लावत. आजीचा पिनेवर काडीचा विश्वास नव्हता.

आता एक सिद्धांत मांडतो. लंगोट डायपरनं मारला, असं जे सरसकट बोललं जातं ते मला मान्य नाही. लंगोट मारला तो टेरिलीननं. आमचा मुलूख कापडाचा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी काढली. तिच्या भोंग्यावर निम्मं गाव उठायचं. सुती कापडाला कधी तोटा पडला नाही. पण साठ-सत्तरच्या दशकांत आजोबांच्या पिढीबरोबर धोतर गेलं, वडील टेरिकॉटच्या पँटीत आले, बायका नायलॉनच्या पाचवारीत आल्या. ही वस्त्रं कधी फाटत नाहीत आणि पाणी तर मुळीच पीत नाहीत. नायलॉनच्या साडीचा लंगोट करून पाहिलेली एक बाई आमच्या वाड्यात होती. त्या प्रयोगाचे निष्कर्ष तिच्या सासऱ्यांच्या मांडीवर जाहीर झाले. सांगायचा मुद्दा, डायपर आला तेव्हा लंगोटाची कच्च्या मालाची खाण आधीच बंद पडली होती.

धुण्याचं प्रकरण मात्र इतकं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यालाही शास्त्र होतं. आधी गार पाण्यात खळबळून काढायचं, कारण गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग सोडा घालून उकळायचं, मग साबण, मग पाण्यावर पाणी घेऊन साबणाचा अंश काढायचा, नाहीतर पोराचं बूड लाल होतं. आणि शेवटी ऊन. उन्हासारखा धोबी नाही. डागही काढतो, जंतूही मारतो आणि बिल लावत नाही. फक्त आषाढात तो रजेवर जातो. कोल्हापूरचा आषाढ ज्यानं पाहिला नाही त्याला 'लंगोट वाळत नाही' या वाक्यातली व्यथा कळायची नाही. मग शेगडीत निखारे, त्यावर पालथं घातलेलं डालगं आणि त्यावर लंगोट. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा पडे. बाळंतिणीच्या खोलीचा तो धुरकट, ओलसर, ओव्याचा वास नाकात बसला की पन्नास वर्षं उतरत नाही.

घरची बाळुती आईच धुवायची, मोरीत. मोठं धुणं पूर्वी बायका रंकाळ्याकडं धुण्याच्या चावीवर न्यायच्या. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं नळाला चावी म्हणतात. कुलपाचा संबंध नाही. आम्ही भावंडं चार. दिवसाला दहा लंगोट आणि प्रत्येकाचं दीड वर्ष धरलं, तर हिशेब बावीस हजारांच्या घरात जातो. या बावीस हजारांपैकी वडिलांनी एखादा तरी धुतल्याचा पुरावा उपलब्ध साधनांत सापडत नाही. पावसाळ्यात सोड्यानं आईच्या बोटांची सालं निघायची आणि ती पोळ्या लाटताना मनगटानं लाटणं ढकलायची, एवढी एक नोंद माझ्याजवळ आहे. 'पूर्वी किती छान होतं, सगळं सुती असायचं' असं म्हणणारे जे गृहस्थ भेटतात, ते बहुधा गृहस्थच असतात.

तिकडं परदेशात काय चाललं होतं तेही थोडक्यात बघू. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नावाच्या इसमानं १८४९ साली सेफ्टीपिनेचं पेटंट घेतलं आणि पंधरा डॉलरचं देणं फेडायला तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या बाईनं न्हाणीघरातला पडदा कापून लंगोटावर घालायची जलरोधक चड्डी केली. १९४९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बड्या दुकानात खपू लागली. वापरून फेकायच्या लंगोटाचीही तिची कल्पना होती, पण कारखानदारांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते लक्ष पुढं एका आजोबांनी दिलं. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट बदलायचा कंटाळा आला. तुम्हाआम्हाला असा कंटाळा आला तर आपण फिरायला जातो. त्यांनी माणसं कामाला लावली, आणि १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया गावात 'पॅम्पर्स' विकून पाहिला. दहा सेंटला एक ही किंमत लोकांना जड वाटली. ती उतरवल्यावर माल उठू लागला.

गंमत अशी, की याच पिओरियात शेतकी खात्याची एक सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथं मक्याच्या स्टार्चपासून एक भयंकर पाणीपिती भुकटी तयार झाली. त्याच जातीची भुकटी, आता मात्र स्टार्चवाचून केलेली, १९८० च्या दशकापासून डायपरच्या पोटात बसली. तिची करणी समजायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालावा. सकाळी पाणी गायब आणि दाणा टम्म. ही भुकटी म्हणजे साबुदाण्याचा पैलवान. शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट पिते. मुलांच्या शूमध्ये क्षार असल्यानं तिथं तिचा दम तीसएक पटींवर येतो. तेवढाही पुष्कळ झाला. कापड पाणी नुसतं धरतं, दाबलं की सोडतं. ही भुकटी त्याचा गोळा करून ठेवते, पोर वर बसलं तरी सोडत नाही. बाहेरून प्लॅस्टिकचा पडदा, आतून मऊ जाळीदार थर. पोराला ओलं झाल्याचं कळतच नाही.

नव्वदीच्या दशकात हा माल आपल्याकडं रीतसर आला, तो 'हगीज' हे नाव घेऊन. इंग्रजीत त्याचा संबंध मिठी मारण्याशी आहे म्हणतात. मराठी माणसाला तो दुसऱ्याच एका क्रियापदाशी वाटला आणि त्यानं कंपनीच्या स्पष्टवक्तेपणाला मनोमन दाद दिली. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आजही डायपर कुठल्याही कंपनीचा हवा असो, गिऱ्हाईक हाच शब्द उच्चारतं.

आता यातलं चांगलं कुठलं? ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीनं २००८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका पोरामागं कार्बन वायू डायपरचा साडेपाचशे किलो आणि कापडाचा पाचशे सत्तर. म्हणजे कापड हरलं? तर नाही. कापड हरतं ते धुण्याच्या यंत्रामुळं आणि विजेवर वाळवण्यामुळं. दोरीवर वाळवलं, यंत्र भरून लावलं आणि तेच लंगोट पाठच्या भावंडाला वापरले, तर त्यातले दोनशे किलो वाचतात. हे तीनही नियम आमच्या आजीनं, त्यातलं यंत्र वगळून, तंतोतंत पाळलेले होते. आणि पाठची भावंडं तर मागणीपेक्षा जास्तच होती.

डायपरचा हिशेब वेगळ्याच ठिकाणी चुकतो. दिवसाला चार धरले तरी अडीच वर्षांत साडेतीन हजारांवर जातात, आणि टाकले म्हणून ते जात नाहीत. पूर्वी जे काम मोरीतली बाई करायची, ते आता कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती आलं, एवढाच बदल. फरक असा, की आई निदान आपल्या पोरांचं धुवायची. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेनं २०१३ मध्ये वापरलेले पॅड आणि डायपर थेट कंपन्यांना परत पाठवायची मोहीम काढली होती. पार्सल उघडणाऱ्यांचे चेहरे बघायला मिळाले नाहीत, ही हळहळ मला अजून आहे. पुढं २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी गुंडाळायला पिशव्या द्याव्यात असं लिहिलं गेलं. लिहिलं गेलं खरं.

या दोन पक्षांची खरी कुस्ती मी २०१९ च्या ऑगस्टात पाहिली. लेक पुण्याहून बाळंतपणाला आली होती, नातू तीन आठवड्यांचा. ती डायपरच्या पक्षाची, तिची आई कापडाच्या. मी पंच. पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण उपसा केंद्रं बुडाल्यानं नळ कोरडे पडले. गावाभोवती समुद्र आणि घरात तांब्याभर पाणी. लंगोट धुवायचे कशात? कापडाचा पक्ष चीत झाला. लेकीनं विजयी मुद्रेनं पुडकं उघडलं. पण पुण्याचा हमरस्ताही पाण्याखाली होता. तिसऱ्या दिवशी पुडकं संपलं आणि मेडिकलवाल्यानं हात वर केले. दोन्ही पैलवान हौद्याबाहेर.

मग बायकोनं तिसरा डाव काढला. पाय लांब करून बसली, नातवाला पावलांवर बसवलं आणि तोंडानं "सूऽऽसू" असा आवाज काढला. आमच्या आजीचा हा डाव. नातू क्षणभर विचारात पडला आणि त्यानं आज्ञा पाळली. दहातली चार-पाच वेळ तरी हे साधायचं. उरलेल्या वेळेसाठी पन्हळीखाली घंगाळ लावलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, त्यामुळं धुवायला पागोळ्यांचं पाणी भरपूर. अडचण एकच, सुती कापड. घरात सगळं टेरिकॉट.

"अहो," बायको म्हणाली, "ट्रंकेत आत्यांचं लुगडं आहे."

आईचं ते शेवटचं लुगडं, निळ्या काठाचं, मऊ पडलेलं. मी काही बोललो नाही. लेक म्हणाली, "बाबा, नको असेल तर राहू दे." कात्री मीच आणून दिली. हिशेबानं छत्तीस तुकडे निघायला हवे होते, निघाले एकतीस. पदराचा भाग बायकोनं कापलाच नाही. घडी घालून परत ट्रंकेत ठेवला. पहिला लंगोट नातवानं सात मिनिटांत भिजवला. मी घड्याळ लावून बसलो होतो.

दिवाळीच्या सुमारास लेक पुण्याला गेली, तेव्हा तिच्या बॅगेत डायपरची दोन पुडकी होती आणि वीस लंगोट. उरलेले घरात इकडंतिकडं पांगले. त्यातला एक माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. काच पुसायला त्याच्यासारखं कापड बाजारात मिळत नाही.